कोझहायाचा मठ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात उत्तर लेबनॉनच्या कादिशा दरीवर लेख आला होता. त्यातल्या मार अंतोनिओस कोझहाया या मॅरोनाइट मठाबद्दल सर्वांत जास्त पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

वसईहून एक वाचक विचारतात: हा मठ संत अंतोनीचा म्हणता, मग सण १७ जानेवारीला कसा? आमच्याकडे संत अंतोनीचा सण १३ जूनला असतो. आणि मॅरोनाइट म्हणजे नेमके कोण?

हे दोन वेगळे संत आहेत. वसईत आणि गोव्यात घराघरात ज्यांची तसबीर असते ते पादुआचे संत अंतोनी. ११९५ मध्ये लिस्बनला जन्मले, १२३१ मध्ये इटलीत पादुआजवळ वारले. कोझहायाचे संत अंतोनी त्यांच्या कितीतरी आधीचे. ते इजिप्तच्या वाळवंटात राहणारे तपस्वी होते आणि ३५६ मध्ये वारले. त्यांना ‘थोर अंतोनी’ किंवा ‘मठवासीयांचे पिता’ म्हणतात. ते स्वतः लेबनॉनला कधी आले नव्हते, त्यांचा आदर्श तिथे पोचला. दोघांत नाते मात्र आहे. लिस्बनच्या त्या तरुणाचे पाळण्यातले नाव फर्नांदो होते. फ्रान्सिस्कन झाल्यावर त्याने ‘अंतोनी’ हे नाव घेतले ते याच इजिप्तच्या तपस्व्यावरून. म्हणजे वसईतले नाव मुळात वाळवंटातून आले आहे.

चित्र पाहून ओळखायचे असेल तर कडेवर बाळ येशू, हातात लिलीचे फूल आणि तरुण चेहरा असला की पादुआचे. लांब पांढरी दाढी आणि हातात काठी असली की इजिप्तचे. युरोपीय चित्रांत ही काठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची असते आणि पायाशी घंटा नि डुक्कर दाखवतात.

मॅरोनाइट हे नाव संत मारोन यांच्यावरून पडले. सीरियात अलेप्पोच्या उत्तरेला, उघड्या आभाळाखाली राहून तप करणारे हे साधू ४१० च्या सुमारास वारले. त्यांच्या अनुयायांचा मोठा मठ ओरोंतेस नदीच्या खोऱ्यात होता, आणि पुढे हा समाज लेबनॉनच्या डोंगरांत स्थिरावला. त्यांचा स्वतःचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू आहे आणि उपासनेची भाषा परंपरेने सुर्यानी, म्हणजे अरामीची एक साहित्यिक बोली. रोमच्या पोपशी त्यांचे ऐक्य धर्मयुद्धांच्या काळापासून आहे. १२१५ च्या लॅटरन परिषदेला त्यांचे पॅट्रिआर्क जेरेमिया स्वतः हजर होते.

पुण्याहून एक वाचक: छायाचित्रात चर्च कड्यात शिरलेले दिसते. ही वेरूळसारखी कोरलेली लेणी आहेत का?

नाहीत, आणि हा फरक एकदा नीट कळला की तिथल्या भिंतींची दुखणीही कळतात.

वेरूळ-अजिंठ्याचा खडक बेसाल्ट. तो एकसंध आणि कठीण, त्यामुळे कारागीर वरून खाली आणि बाहेरून आत कोरत गेले. जे उरले तेच वास्तू झाले. कादिशाचा खडक चुनखडीचा. पाण्याने तो लाखो वर्षे विरघळून त्यात कपारी नि गुहा आपोआप तयार झाल्या आहेत. तिथल्या मठवासीयांनी कोरले थोडे, बांधले जास्त. नैसर्गिक कपारीच्या तोंडाशी घडीव दगडांची भिंत चुन्यात उभी करायची, तिला दार-खिडक्या ठेवायच्या, आणि छप्पर व मागची भिंत डोंगराची. कोझहायाचे चर्च असेच आहे. पुढचा कमानदार दर्शनी भाग बांधलेला, आत गेल्यावर खडक डोक्यावर येतो.

दुखणे सुरू होते ते बांधकाम आणि खडक जिथे भेटतात त्या सांध्यापासून. चुनखडीतून पाणी झिरपते, या सांध्यातून उतरते आणि येताना क्षार विरघळवून आणते. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर वाळले की क्षारांचे स्फटिक गिलाव्याखाली फुगतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. भिंतीच्या खालच्या पट्ट्यात पांढरी बुरशीसारखी लव दिसली तर ती बहुधा बुरशी नसतेच, हे क्षार असतात. त्यावर ओला कपडा फिरवला तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात. म्हणून कोरड्या मऊ कुंचल्याने झाडणे एवढेच करावे आणि पाणी येते कुठून ते आधी शोधावे.

सर्वांत घातक दुरुस्ती सिमेंटची. सिमेंट ओलावा बाहेर पडू देत नाही, त्यामुळे पाणी दगडाकडेच वळते आणि चांगला दगड भुगा होऊ लागतो. जुन्या भिंतीला भिजवून मुरवलेला चुना हवा: एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू, थर पातळ, आणि प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवून सावकाश वाळवलेला. घाईने वाळवला तर तडे जातात. आपल्याकडे किल्ल्यांच्या डागडुजीतही नेमकी हीच चूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहिले.

दरीतल्या काही लहान चर्चांत, उदाहरणार्थ हदशीतजवळच्या दैर एस-सलीबमध्ये, मध्ययुगीन भित्तिचित्रे आहेत. त्यांचे नुकसान झिरपणे, मेणबत्त्यांची काजळी, वरून मारलेली चुन्याची सफेदी आणि नावे कोरणारे पाहुणे या चौघांनी मिळून केले आहे. नावे कोरण्यावर इलाज नाही. काजळी तज्ज्ञाला काढता येते, खरवडलेला रंग परत येत नाही.

या गुहा आश्रयासाठीही वापरल्या गेल्या. असी अल-हदथ या गुहेत १९८९ ते १९९१ दरम्यान लेबनॉनच्या गुहा-अभ्यासकांना तेराव्या शतकातल्या गावकऱ्यांचे नैसर्गिकरीत्या टिकलेले देह मिळाले. १२८३ च्या सुमारास इजिप्तच्या मामलुक सुलतानांचे सैन्य दरीत आले तेव्हाचे हे लोक. त्यात काही महिन्यांची एक मुलगी आहे. कुणी लेप लावला नव्हता, कोरड्या मातीने आणि कोरड्या हवेने त्यांना जपले. आज ते बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

मडगावहून एक शिक्षिका: कोझहायाला ‘मध्यपूर्वेतला पहिला छापखाना’ म्हणतात. आपल्या गोव्यात तर १५५६ मध्येच छापखाना होता. मुलांना काय सांगू?

हा दावा जसा सांगितला जातो तसा बरोबर नाही. नेमका मांडला तर तो खरा ठरतो आणि अधिक रंजकही.

आधी बाजूला काय काढायचे ते पाहू. इस्तंबूलमध्ये ज्यू मुद्रकांनी १४९३ मध्येच हिब्रू पुस्तक छापले होते. गॅलिलीतल्या ‘सफेद’ नावाच्या गावात १५७७ मध्ये हिब्रू छपाई झाली. म्हणजे ‘मध्यपूर्वेतली पहिली छपाई’ म्हणता येत नाही. अरबी लिपीतले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, वापरून छापलेले पहिले पुस्तक १५१४ चे, पण ते इटलीत फानो येथे निघाले. अरब भूमीवर अरबी लिपीत छपाई सुरू झाली ती अलेप्पोला १७०६ मध्ये. लेबनॉनमध्ये त्या लिपीचा पहिला छापखाना अब्दल्ला झाखेर यांनी शुवैरजवळच्या मठात उभा केला, आणि तिथले पहिले पुस्तक १७३४ चे.

मग कोझहायाचे काय? १६१० मध्ये इथे स्तोत्रसंहिता छापली गेली, बायबलमधली दीडशे स्तोत्रे. पानावर दोन रकाने, एकात सुर्यानी भाषा, दुसऱ्यात अरबी. पण अरबी रकानाही सुर्यानी अक्षरांतच आहे! या लेखनपद्धतीला गरशुनी म्हणतात. तेव्हा वाक्य असे करावे: ‘अरब प्रदेशात अरबी भाषेतले पहिले छापील पुस्तक १६१० मध्ये कोझहायाला निघाले, मात्र ते सुर्यानी लिपीत होते.’ भाषा आणि लिपी हे दोन शब्द वेगळे ठेवले की गोंधळ मिटतो. काही पुस्तकांत कोझहायाचा छापखाना १५८५ चा असल्याचे दिसेल. त्या सालात तिथे छापलेले पुस्तक मात्र सापडलेले नाही. म्हणून मुलांना १६१० च सांगावे.

या कामामागे बिशप सर्किस रिझी होते आणि छापणारे पास्क्वाले एली, इटलीतल्या कामेरिनोचे. हा धागा रोममधल्या मॅरोनाइट महाविद्यालयापर्यंत जातो. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ते १५८४ मध्ये स्थापले. डोंगरातली मुले तिथे जाऊन लॅटिन शिकत, आणि छापील पुस्तक ही काय चीज आहे हे त्यांना तिथे दिसे.

पुढे काय झाले? या एका पुस्तकानंतर जवळजवळ दोन शतके शांतता. कोझहायाला पुन्हा छपाई सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः उपासनेच्या सुर्यानी पुस्तकांची. मुलांना नवल वाटेल की यंत्र आले तरी छपाई का थांबावी. त्यांना छापखान्याचा हिशोब समजावून द्या. यंत्र म्हणजे फक्त दाबणारा भाग. खरी पुंजी खिळ्यांची. खिळे शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचे, दाबाखाली झिजणारे. नवे ओतायचे तर साचे हवेत, ओतणारा हवा. सुर्यानी अक्षरे एकमेकांना जोडून लिहितात, त्यामुळे एकाच अक्षराचे सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे वेगवेगळे खिळे लागतात. ते उजवीकडून डावीकडे वाचायचे मजकूर उलटे जुळवणारा जुळारी हवा. वर कागद आणि शाई. यातले एक जरी तुटले तरी काम बंद. आणि शेजारच्याच खोलीत हाताने उत्तम नकला करणारे मठवासी बसलेले असताना तुटलेली साखळी पुन्हा जोडण्याची निकडही कमी.

आता गोव्याकडे येऊ, कारण तुमच्या वर्गासाठी खरी जुळवणी इथे आहे. १५५६ मध्ये गोव्याला उतरलेला छापखाना मुळात इथिओपियासाठी निघाला होता, तो जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल महाविद्यालयात राहिला. म्हणजे गोवा कोझहायापेक्षा ५४ वर्षांनी पुढे. आणि कोझहायाच्या स्तोत्रसंहितेनंतर अवघ्या सहा वर्षांनी, १६१६ मध्ये, रायतूरला थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, आणि लिपी रोमन! एका टोकाला सुर्यानी अक्षरांतली अरबी, दुसऱ्या टोकाला रोमन अक्षरांतली मराठी. कारणे मात्र वेगळी होती. गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन वापरावी लागली. लेबनॉनमध्ये गरशुनी ही त्या समाजाची छपाईच्या आधीपासूनची हस्तलिखितांतली सवय होती. बाजारात, घरात अरबी बोलणाऱ्या माणसाला अक्षरओळख मात्र चर्चमध्ये सुर्यानीची झालेली असे.

नाशिकहून लिपींचा अभ्यास करणारे एक वाचक: गरशुनी वाचतात कशी? आणि हस्तलिखितांवरची ‘ग्रीकांची साले’ इसवी सनात कशी आणायची?

सुर्यानीत २२ अक्षरे, अरबीत २८. सहा ध्वनींना जागा नाही. त्यातले चार सुर्यानीतच मऊ उच्चार म्हणून आहेत, त्यामुळे तीच अक्षरे टिंब देऊन वापरतात: तावपासून ‘थ’सारखा घर्षक, काफपासून घशातला ‘ख’, दालथपासून मऊ ‘द’, गामलपासून घशातला ‘ग’. उरलेल्या दोनांपैकी ‘दाद’साठी ‘सादे’ या अक्षराला टिंब आणि ‘झा’साठी ‘तेथ’ या अक्षराला टिंब. गामल तर अरबी ‘जीम’साठीही राबते, फक्त टिंबाची जागा बदलते.

अडचण अशी की लेखनिक घाईत टिंबे गाळतात. मग वाचणाऱ्याने शब्द ओळखूनच उच्चार ठरवायचा. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत हे आपल्याला अक्षर सांगत नाही, शब्द सांगतो. तरी सुरुवातीला एक शिस्त पाळा: आधी सगळा मजकूर अक्षरशः सुर्यानी ध्वनींत उतरवा, मग दुसऱ्या फेरीत अरबी शब्द ओळखा. दोन्ही एकदम करायला गेलात तर ओळखीचा शब्द दिसला की डोळा पुढचे अक्षर न वाचताच पुढे जातो.

सर्वांत मोठा सापळा दालथ आणि रीश यांचा. आकार एकच. टिंब खाली असेल तर दालथ, वर असेल तर रीश. शाई उडाली, खिळ्याचा तुकडा पडला, की द चा र होतो. आकड्यांत तर हे फारच महागात पडते, कारण अक्षरेच अंक म्हणून वापरतात: दालथ म्हणजे ४, रीश म्हणजे २००. उपाय सोपा आहे. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहितात, तेव्हा शतकाच्या जागी ४ बसूच शकत नाही.

सालाचे गणित असे. ‘ग्रीकांचे वर्ष’ म्हणजे सेल्युकस सन. तो इसवी सनापूर्वी ३१२ च्या ऑक्टोबरात सुरू होतो आणि त्याचे वर्षही १ ऑक्टोबरला बदलते. तारीख जानेवारी ते सप्टेंबरमधली असेल तर ३११ वजा करा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल तर ३१२. ग्रीकांचे १९२१ वर्ष म्हणजे ऑक्टोबर १६०९ ते सप्टेंबर १६१०. महिना दिला नसेल तर दोन्ही साले तिरक्या रेषेने लिहावीत, १६०९/१०, अंदाजाने एक निवडू नये. शालिवाहन शकात ७८ की ७९ मिळवायचे हा प्रश्न ज्यांनी शिलालेखांत सोडवला आहे त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

कोल्हापूरहून एक वाचक: मठाजवळच्या गुहेत साखळ्या आहेत असे वाचले. तिथे मनोरुग्ण बरे होतात का?

साखळ्या आहेत. संत अंतोनीची गुहा म्हणून ती दाखवतात. मानसिक आजार असलेल्या माणसांना तिथे आणून गळ्यात लोखंडी कडे घालून बांधून ठेवत. संत रात्री येऊन साखळी सोडवतात अशी श्रद्धा होती, आणि साखळी सुटलेली दिसली की माणूस बरा झाला असे मानत. आज त्या साखळ्या इतिहासाची वस्तू म्हणून पाहायच्या.

बांधून ठेवल्याने आजार बरा होत नाही. अंधार, थंडी, भूक आणि भीती यांनी थकलेला माणूस काही काळ शांत दिसतो. कधी आजाराचा झटकाच आपोआप ओसरतो आणि श्रेय साखळीला जाते. लेबनॉनमध्येच स्विस मिशनरी थिओफिलस वाल्डमायर यांच्या प्रयत्नांतून बैरूतजवळ असफुरिया येथे मनोरुग्णालय उभे राहिले आणि १९०० मध्ये ते उघडले. तिथून उपचाराचा मार्ग बदलू लागला. आपल्याकडे २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत होरपळून गेले, कारण त्यांना पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भारतात रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. घरात कुणाला त्रास असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. प्रार्थना करायची तर जरूर करा, औषध थांबवू नका.

कल्याणहून एक वाचक: केरळच्या आमच्या सिरो-मलबार चर्चची भाषाही सुर्यानी. मग आम्ही आणि मॅरोनाइट एकाच परंपरेचे का?

भाषा एक, शाखा दोन. सिरो-मलबार परंपरा पूर्व सुर्यानी, मॅरोनाइट पश्चिम सुर्यानी. कानाला फरक लगेच कळतो. पूर्वेकडचा ‘आ’ पश्चिमेकडे ‘ओ’ होतो: तुमचे ‘आलाहा’ तिकडे ‘आलोहो’, ‘कुर्बाना’ तिकडे ‘कुर्बोनो’. लिपीची वळणेही निराळी, मॅरोनाइटांची ‘सर्तो’ म्हणतात ती गोलाकार आणि धावती. केरळमध्ये उच्चाराने त्यांना जवळचे ते मलंकरा परंपरेचे लोक.

दुबईहून एक वाचक: मठ पाहायला जायचे आहे. कसे जावे?

आधी भारत सरकारची लेबनॉनविषयीची ताजी प्रवास-सूचना पाहा, परिस्थिती झपाट्याने बदलते. पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असेल तर लेबनॉन प्रवेश देत नाही.

बैरूतहून किनाऱ्याने उत्तरेला, मग झघर्ता आणि एहदेनकडे चढून अरबेत कोझहायामार्गे मठापर्यंत गाडी जाते. सार्वजनिक वाहने जवळपास नाहीत, चालकासह गाडी ठरवावी. वळणे तीव्र आहेत, परतीचा घाट उजेडात उतरा. २०१९ च्या आर्थिक संकटापासून कार्डावर भिस्त ठेवू नये, लहान नोटांचे डॉलर जवळ ठेवा. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून धुके दरीत चढते, म्हणून सकाळी पोचा. १७ जानेवारीच्या सणाला जायचे तर वरच्या रस्त्यांवर बर्फ असू शकते.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. चर्च, गुहा आणि मठाचे संग्रहालय मिळून दीड-दोन तास धरा. संग्रहालयात जे छपाईयंत्र आहे ते १६१० चे नव्हे, नंतरच्या काळातले आहे, तिथे उभे राहून गैरसमज करून घेऊ नका. दुसरा दिवस असेल तर दरीच्या तळाशी कन्नूबीनच्या मठाला चालत जा. १४४० पासून जवळजवळ चार शतके पॅट्रिआर्कांचे आसन तिथे होते. पुढे बशर्रीच्या खाली मार एलिशा, अलेप्पोहून आलेल्या तरुणांनी १६९५ मध्ये सुरू केलेल्या लेबनीज मॅरोनाइट संघाच्या सुरुवातीच्या मठांपैकी एक. कोझहाया १७०८ पासून याच संघाकडे आहे. पाट्यांवरचे तीन शब्द लक्षात ठेवा: ‘दैर’ म्हणजे मठ, ‘मार’ म्हणजे संत, ‘सैदत’ म्हणजे माउली मारिया.

अमरावतीहून एक वाचक: लेखक-कवी खलील जिब्रान याच दरीतले ना?

हो. जन्म १८८३, बशर्री. त्यांची कबर आणि संग्रहालय आहे ते पूर्वीच्या मार सर्किस मठात. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला निधन झाल्यावर बहीण मारियाना यांनी ती जागा विकत घेतली आणि त्यांना तिथे आणले. कोझहाया पाहून बशर्रीमार्गे परतलात तर एकाच दिवसात दोन्ही होतात.